बुडालेल्या सातकमानची वाचलेली माणसं

“माझं शहर कोणीतरी बुडवलंय,” ती बाई म्हणाली आणि दुकानातल्या स्टुलावर धपकन बसली.

चष्मेवाला पिंट्या काचेची कड घासत होता. बाईंचा नंबर वाढलेला दिसतोय, असं त्याला वाटलं. “जवळचं दिसायला त्रास होतो की लांबचं?” त्याने आपुलकीने विचारलं.

“पिंट्या, गप बस,” मागच्या खुर्चीतून आत्या म्हणाली. “बाईंना बोलू दे.”

पंचेचाळिशी उलटलेल्या, डोक्यावरचे केस गेलेल्या माणसाला गिऱ्हाइकासमोर पिंट्या म्हणू नये, हे आत्याला सांगून सांगून तो थकला होता. पण सांगणार कोणाला? आत्याने उभा जन्म विमा कंपनीत नुकसानीच्या तपासण्या करण्यात घालवला होता. मालकाने स्वतःच पेटवलेलं गोदाम तिला नुसत्या वासावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर तिने खाजगी तपास सुरू केले आणि कचेरी थाटली ती भाच्याच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात. भाडं मागायची त्याची हिंमत झाली नव्हती.

बाई रडत नव्हती. चांगली संतापलेली होती. “मी लेखिका आहे,” ती म्हणाली. “आमचा एक खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो. फासे टाकत, गोष्ट रचत सगळे एका कल्पनेतल्या देशात भटकतात. देशाचं नाव आरवखंड. पहिलं पुस्तक माझ्या वडिलांनी लिहिलं, आता मी लिहिते. दरवर्षी नवं पुस्तक निघतं आणि दर पुस्तकात तो देश एक वर्ष पुढे गेलेला असतो.”

“म्हणजे कसा?”

“म्हणजे राजे म्हातारे होतात. नद्या वळतात. माणसं मरतात. ठिकठिकाणचे खेळणारे कळवतात, आमच्या टेबलावर असं असं घडलं. त्यातलं जे दमदार, ते पुढच्या पुस्तकात येतं.”

“कशाला हा उपद्व्याप?” पिंट्या म्हणाला. “एकदा देश झाला की झाला. माझ्या दुकानाची पाटी वडिलांनी लावली, ती अजून तशीच आहे.”

“म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही,” आत्या म्हणाली. “बाई, शहराचं काय झालं?”

लेखिकेने एका दमात सांगितलं. कामाच्या खोलीत मोठ्या टेबलावर आरवखंडाचा उठावाचा नकाशा होता. डोंगर, दऱ्या, नदी आणि मधोमध सातकमान नावाचं पुलांचं शहर. नव्या पुस्तकासाठी आज त्याचा फोटो निघायचा होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगले आणि ती परत येऊन बघते तो सातकमानचा चिखल झालेला.

“धाकट्या भावाशी माझा करार झालाय,” ती म्हणाली. “आज संध्याकाळी नवं पुस्तक नकाशासकट छापखान्यात पोचलं, तर आरवखंड माझं. नाही पोचलं, तर त्याऐवजी जुनं पहिलं पुस्तक जसंच्या तसं छापायचं आणि तो ते एका खेळण्यांच्या कंपनीला विकणार. मग तिथे परत कधी काही घडणार नाही. कोणी जन्मणार नाही, मरणार नाही. देशाचं लोणचं घालून बरणीत ठेवायचं! माझ्या हयातीत मी ते होऊ देणार नाही.”

आत्याने चपला घातल्या. “पिंट्या, स्कूटर काढ.”

*

कामाची खोली घराच्या तळमजल्यावर होती. कुटुंब वर राहायचं. खोलीत सरस आणि रंगाचा वास भरला होता. कपाटांतून पुस्तकं, बरण्यांतून फासे. फोटो काढायला आलेली मुलगी दिवे लावून कंटाळून बसली होती. ती सुट्टीनंतर आली होती, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता.

टेबलावरचे डोंगर प्लास्टरचे होते, त्यांना धक्का लागला नव्हता. शहर मात्र कागदाच्या लगद्याचं. त्याच्या कमानी वाकल्या होत्या, छपरं एकमेकांत मिसळली होती आणि सगळीकडे करडा रबरबाट झाला होता.

“आणि हे?” आत्याने खिडकीकडे बोट केलं.

खिडकीच्या कट्ट्यावर अंगठ्याएवढ्या शिशाच्या सोंगट्या रांगेत मांडल्या होत्या. पिंट्या वाकून बघतच राहिला. एवढ्याशा डोळ्यांत बाहुल्यासुद्धा रंगवल्या होत्या! हातोडा घेतलेला लोहार, त्याच्या खांद्याला खांदा लावून वल्हं घेतलेली नावाडीण, पलीकडे हातात घंटा घेतलेली एक बाई, मग न्यायाधीश, मग आणखी बरेच. सगळे ताठ उभे. कोणाच्याही अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

“खेळातली पात्रं,” लेखिका म्हणाली. “शहरात होती. मी परत आले तेव्हा ती इथे होती. मी काही हलवलेलं नाही. आमचा नकाशेवाला आणि नियम लिहिणारा, दोघांनाही अजून आत सोडलेलं नाही.”

“कळलं!” पिंट्या म्हणाला. “चोर सोंगट्या चोरायला आला. गडबडीत पाणी सांडलं. घाबरला, पळाला.”

“आणि पळण्याआधी चोरीचा माल खिडकीत नीट मांडून ठेवला,” आत्या म्हणाली. “धन्य आहे तुझी.”

ती खाली वाकून फरशी बघत होती. नळ बाहेरच्या बोळात होता. दारापासून टेबल सरळ समोर, चार ढांगांवर. पण पाण्याचे वाळत आलेले थेंब तसे सरळ गेलेच नव्हते. ते भिंतीच्या कडेकडेने कपाटाला वळसा घालून अर्धी खोली फिरून टेबलाशी पोचले होते. एकावर एक असे बरेच थेंब होते. आत्या नळापाशी गेली. खाली रिकामी बादली होती. तिने आतून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट पिंट्याला दाखवलं. बाजूला एक छोटा जग पालथा घातलेला होता, तो ओला होता.

“बादली गळकी असेल,” पिंट्या म्हणाला.

आत्याने बादली नळाखाली धरली. ती गळत नव्हती.

*

नकाशेवाला आडव्या अंगाचा होता, नखांत प्लास्टर गेलेलं. आल्या आल्या त्याने विचारलं, “सोंगट्या शाबूत आहेत ना सगळ्या?”

“आहेत. शहराचं वाईट वाटत नाही?”

“वाटतं हो! माझ्या हातचं आहे ते. अण्णांच्या पहिल्या पुस्तकापासून मी इथे आहे. पण बाईंनी नदी वळवली, शहर ओस पडणार असं लिहिलं. म्हणजे पुढच्या महिन्यात मलाच ते फोडायचं होतं. दरवर्षी हेच. बांधायचं आणि फोडायचं. वैताग येतो कधीकधी.” सुट्टीत तो रोगण आणायला गेला होता आणि दुकान बंद म्हणून हात हलवत परत आला होता. त्याला तसं बघितलेलं कोणी नव्हतं.

जाता जाता तो कट्ट्यापाशी थबकला. “लोहार आणि नावाडीण शेजारी कोणी ठेवले? पहिल्या पुस्तकात नवरा-बायको होते, पण दोन वर्षांपूर्वी त्याने तिची नाव जाळली. तेव्हापासून आम्ही दोघांना एका पुलावरसुद्धा ठेवत नाही.”

दुसरा होता नियम लिहिणारा. सगळे त्याला पंडित म्हणायचे. किडकिडीत आणि प्रत्येक वाक्याला कलम जोडणारा. “सोंगट्या?” हाच त्याचा पहिला प्रश्न.

“सुखरूप. तुमचं बाईंशी भांडण झालं होतं म्हणे?”

“झालं होतं. माझा न्यायाधीश त्यांनी मारला. म्हणजे फाशाने मारला, पण फासा त्यांचा होता. मी दार आपटून गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो. टेबलावर घडलं ते घडलं, पडलेला फासा परत घेता येत नाही. हे कलम मीच लिहिलंय, मग बोलणार कोणाला? आता पडून आहे बिचारा बाजारपेठेत.”

“पडून म्हणजे?”

“मेलेल्या पात्राची सोंगटी जिथे मेलं तिथेच आडवी करायची. मग तिला कोणी हात लावायचा नाही. घंटावाली गेली तेव्हापासूनची पद्धत आहे ही. तीन वर्षं झाली.”

“घंटावाली कोणाचं पात्र?”

पंडिताने चष्मा काढून पुसला. “बाईंच्या आईचं,” तो हळूच म्हणाला. सुट्टीत तो आपल्या गाडीत झोपला होता. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की झोपेला साक्षीदार नसतो.

धाकटा भाऊ रस्त्यावर फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो हसतच आला. “माझ्यावर संशय असेल ना? असू दे. मला फायदा झाला, हे काही मी नाकारत नाही.”

“खेळता का तुम्ही?”

“शाळेत असताना खेळायचो. मग सोडलं. ताईच्या डोक्यात हे दरवर्षीचं भूत कुठून आलं कोण जाणे. लोकांना लहानपणी पाहिलेला देश परत हवा असतो. तिथे कोण मेलं, कुठला पूल पडला, याच्या बातम्या नको असतात.”

“आणि या सोंगट्यांचं काय करणार?”

“या? भंगारात. कंपनी नव्या प्लॅस्टिकच्या काढणार आहे.” त्याने कट्ट्याकडे नजरसुद्धा टाकली नाही.

“हाच तो,” पिंट्या आत्याच्या कानात म्हणाला. आत्या जिना चढायला लागली होती.

वर लेखिकेचे वडील, अण्णा होते. दार त्यांनीच उघडलं आणि परत खुर्चीकडे निघाले. एक हात भिंतीवर, मग कपाटावर, मग खुर्चीच्या पाठीवर. गुडघे पार गेले होते, पण नजर करारी होती. खुर्चीत बसल्यावर त्यांनी दोघांना असं न्याहाळलं, की पिंट्याला आपला शर्ट चुरगळल्याची लाज वाटली.

“अण्णा, सातकमान बुडालं,” आत्या म्हणाली.

“बुडणारच होतं. पोरीने नदी वळवली तेव्हाच बुडालं ते.”

“तुम्ही खाली जात नाही म्हणे.”

“ही गेल्यापासून नाही.” त्यांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे मान हलवली. “मी केलेला देश होता तो. सुखाचा. दमलेली माणसं यायची, घटकाभर तिथे राहायची, हसत घरी जायची. पोरीने त्यात म्हातारपण आणलं, वैर आणलं. सकाळपासून खालून आवाज येतात. आज याला मारू, उद्या ते पाडू. मी वर बसून ऐकायचं. का म्हणून?”

“जुनं पुस्तक परत निघालं तर बरं वाटेल?”

“का नाही वाटणार?” अण्णा कडाडले. “त्यात काय वाईट होतं ते मला कोणीतरी सांगाच!”

नमस्कार करून आत्या उठली.

*

“सगळे टेबलाभोवती या,” खाली येऊन ती म्हणाली. “पिंट्या, तू वर जा आणि अण्णांना घेऊन ये.”

“ते येणार नाहीत,” लेखिका म्हणाली. “तीन वर्षं आम्ही हात जोडतोय.”

“त्यांना सांग, सातकमानची माणसं कोणी वाचवली ते आत्याला कळलंय.”

पिंट्याला यातलं काही झेपलं नाही, पण त्याने जाऊन तसं सांगितलं. अण्णा कठडा धरून एकेक पायरी उतरले. खोलीत आल्यावर ते भिंतीच्या कडेकडेने कपाटाला वळसा घालून टेबलापाशी आले. फरशीवरच्या थेंबांचा रस्ता अगदी तोच होता. पिंट्याचं तोंड उघडंच राहिलं.

“आता ऐका,” आत्या म्हणाली. “मी खूप मोडतोड बघितलीय. मोडणारा माणूस आधी मोडतो, मग पळतो. इथे एक जण शहर बुडवायला आला आणि आधी त्याने त्यातली माणसं बाहेर काढली. एकेक करून, जपून, खरचटूसुद्धा न देता. मला तर पहिल्यांदा हसूच आलं. पण ज्याच्या लेखी ते शिशाचे तुकडे आहेत, तो हे करणार नाही. करणारा खेळणारा आहे. त्या सोंगट्यांत त्याला जीव दिसतो. धाकटे, तुम्ही इथेच सुटलात.”

धाकट्याला यात कौतुक आहे की अपमान, हे काही कळेना.

“राहिले नकाशेवाले आणि पंडित. दोघंही जीव लावून खेळणारे. पण खिडकीत बघा. घंटावाली उभी. न्यायाधीश उभा. इथे रोज खेळणाऱ्याला माहीत आहे की आडवी सोंगटी म्हणजे मेलेलं माणूस, तिला हात लावायचा नाही. या दोघांनी ती पाण्यात जाऊ दिली असती. वाचवणाऱ्याला वाटलं, बिचारी पडलीत. म्हणून त्याने उचलून उभी केली. लोहार आणि नावाडीण या दोघांनी चुकूनही शेजारी ठेवले नसते. ज्याच्या मनात ते अजून नवरा-बायको आहेत, त्याने ठेवले.”

“जुना खेळाडू,” पंडित पुटपुटला. “पद्धत सुरू व्हायच्या आधीचा.”

“गुडघे दुखणारा जुना खेळाडू. ज्याला भरलेली बादली उचलवत नाही, म्हणून एका हातात जग आणि दुसरा हात भिंतीवर अशा खेपा घातल्या. थेंब बघा कुठून गेलेत. आणि अजून एक. शहर बुडालं म्हटल्यावर ज्यांचा सोंगट्यांवर जीव आहे, त्यांनी पहिल्यांदा विचारलं, माणसं शाबूत आहेत ना? अण्णांनी नाही विचारलं. त्यांना माहीत होतं.”

कोणी अण्णांकडे बघेना. अण्णांनी मात्र सगळ्यांकडे पाळीपाळीने बघितलं.

“हो, मीच बुडवलं,” ते म्हणाले. “माझं शहर होतं, मी बांधलं, मी बुडवलं. फोटो निघाला नसता तर जुनं पुस्तक छापलं गेलं असतं. मला लाज नाही वाटत. लाज तुम्हाला वाटायला पाहिजे!” त्यांचा आवाज चिरकला. “तिला मनोऱ्याखाली पाडून ठेवलीत. धूळ बसली होती तोंडावर. तीन वर्षांत एकाला वाकून उचलावंसं वाटलं नाही?”

“अण्णा, ती पडलेली नव्हती,” लेखिका म्हणाली.

अण्णांनी खिडकीतल्या घंटावालीकडे बघितलं.

“आई गेल्यावर आम्ही पहिल्यांदा खेळायला बसलो. फिरत फिरत घंटावालीची पाळी आली. कोणी बोलेना. दुसऱ्या कोणी तिला खेळवावं, हे कोणालाच सहन होईना. आणि नुसतीच उभी ठेवली असती, तर काय? आई कुठेतरी गेलीय, येईल परत, असं वाटत राहिलं असतं. तुमच्या देशात तोवर कोणी मेलंच नव्हतं, त्यामुळे कसं करायचं तेही माहीत नव्हतं. मी तिला आडवी केली. त्या दिवशी खोलीतले सगळे ढसाढसा रडले. पंडितसुद्धा.”

“मीसुद्धा,” पंडित म्हणाला.

“आता उभी आहे ना,” अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच ते विनवत होते. “तशीच राहू दे, बाळ. काय बिघडतं?”

पिंट्याला वाटलं, आता ही विरघळणार. कोणीही विरघळलं असतं.

“नाही,” लेखिका म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायच्या भानगडीत ती पडली नाही. “बिघडतं, अण्णा. आई होऊन गेली हे ज्या देशाला ठाऊकच नाही, तो देश मला नको. आई गेली, म्हणून तिथे मनोऱ्याची घंटा बंद पडली, लोक ते आठवतात, नव्या मुली घंटा शिकतात. हे सगळं मी लिहिलंय. तुम्ही एकदा तरी वाचलंत? शंभर जग पाणी ओता. मी ते पुसणार नाही.” ती फोटोवाल्या मुलीकडे वळली. “काढा फोटो. आहे असाच. सातकमानला पूर आला. शेवटचं प्रकरण मी आत्ता बसून बदलते.”

“टेबलावर घडलं ते घडलं,” पंडित म्हणाला. “कलमात बसतं.”

“माझ्या करारात नाही बसत,” धाकटा उसळला. “करार नकाशाचा होता, चिखलाचा नाही. मी जुनं पुस्तक पाठवतोय छापायला.” त्याने फोन काढला.

अण्णा खिडकीपाशी गेले. त्यांनी घंटावालीला उचललं. बराच वेळ ते तिला नुसतेच हातात धरून उभे होते. अंगठ्याने त्यांनी तिच्या तोंडावरची उरलीसुरली धूळ पुसली. मग ते टेबलाशी आले. मनोरा उरला नव्हता, तेव्हा त्यांनी चिखल बोटांनी सारखा करून कोरडी जागा केली आणि तिला तिथे आडवी ठेवली.

“फोन ठेव,” ते मुलाला म्हणाले.

“पण अण्णा, तुमच्यासाठीच तर...”

“ठेव म्हणतो ना! जुनं पुस्तक मी लिहिलंय, ते छापायला माझी परवानगी लागते, आणि ती मी देत नाही. आजही नाही, कधीच नाही.”

“अहो, पण तुम्हालाच ते हवं होतं! त्यासाठी शहर बुडवलंत!”

“बुडवलं. चुकलो. त्या पुस्तकात ती जिवंत आहे,” अण्णा म्हणाले. “खोटं पुस्तक आहे ते.”